हरतालिकेची वाळू आणि पत्री

हरतालिकेच्या आदल्या दिवशी, भाद्रपद शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या मंडईत पत्रीचे वाटे लागलेले असतात. वर दूर्वांची जुडी असते, बाजूने बेलाचं त्रिदळ डोकावत असतं, आणि मध्ये काय दडलंय ते घरी जाऊन दोरा सोडल्यावरच कळतं. ‘सोळाच्या सोळा आहेत ताई, डोळे मिटून न्या,’ असं विकणारी सांगते. गर्दी असते, पाऊस भुरभुरत असतो, गणपतीचं सामान अजून घ्यायचं असतं, आपण नेतो. त्या वाट्यात पुष्कळदा सात-आठ प्रकारचीच पानं निघतात आणि त्यातलं एखाद-दुसरं भलत्याच झाडाचं.

याची मला मनापासून खंत वाटते, कारण हरतालिकेचं सगळं सार वाळू आणि पानं या दोन गोष्टींत आहे. कहाणीतली पार्वती घरातून निघाली ती रिकाम्या हातांनी. नारदाच्या सांगण्यावरून वडिलांनी तिला विष्णूला द्यायचं ठरवलं, ते तिला मानवलं नाही, आणि सखी तिला घोर अरण्यात घेऊन गेली. तिथे नदीकाठच्या वाळूचं लिंग तिने केलं, रानात मिळालं ते वाहिलं, अन्नपाणी घेतलं नाही आणि रात्र जागून काढली. त्या पूजेत विकत आणलेलं काहीच नव्हतं. आज चौरंगाची सजावट, दिव्यांच्या माळा आणि तयार पूजेचं किट यांत संध्याकाळ निघून जाते आणि वाळू ऐनवेळी कुठल्या तरी बांधकामावरून मूठभर मागवली जाते. वेळ वाळूला आणि पानांना द्यावा. सजावट राहिली तर राहू दे.

तिथीचा घोळ अधूनमधून होतो, तो आधी सांगून टाकते. या व्रताला द्वितीयेला जोडून आलेली तृतीया घेत नाहीत, चतुर्थीला जोडून आलेली घेतात. म्हणून सूर्योदयानंतर तृतीया थोडाच वेळ उरलेली असली तरी तोच दिवस धरतात. २०२५ साली २६ ऑगस्टला हरतालिका आणि २७ ला गणेश चतुर्थी असा नेहमीचा क्रम होता. एखाद्या वर्षी मात्र दोन्ही एकाच दिवशी येतात. तेव्हा हरतालिकेची पूजा सकाळी लवकर उरकून गणपती मध्यान्हाला बसवावा लागतो. पत्री, वाळू, मूर्ती ही सगळी तयारी तशा वर्षी दोन दिवस आधी हातात हवी.

वाळू नदीची, बारीक आणि धुतलेली असावी. बांधकामावर हल्ली बहुतेक ठिकाणी मिळते ती दगड भरडून केलेली वाळू. तिचे कण कोनदार असतात आणि त्यात दगडाची राखाडी भुकटी असते, हात आणि पाट दोन्ही मळतात. सिमेंटच्या गोणीशेजारची वाळू तर मुळीच आणू नये, ओली केली की हाताला झोंबते. कोकणात समुद्राची वाळू घेतात. ती फार सुरेख बसते. फक्त पूजेनंतर ती कुंडीत टाकायची नाही, मिठाने रोप जळतं.

घरच्या पूजेला चार वाट्या वाळू पुष्कळ झाली. रव्याच्या चाळणीने चाळली की खडे, शिंपल्यांचे तुकडे, काड्या वर राहतात. मग घमेल्यात घेऊन पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार पाण्यांनी धुवायची आणि कागदावर पसरून पूर्ण वाळवायची. धुतलेली ओली वाळूच थेट वापरली की पुढे सगळं बिघडतं, कारण तिच्यात पाणी किती आहे याचा अंदाज येत नाही. दोन वाट्या कोरड्या वाळूला चहाचे चार-पाच चमचे पाणी लागतं. हाताने सारखं कालवून मूठ दाबायची. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, त्यावर बोटांच्या खुणा उमटल्या आणि तळहात चकाकला नाही, की प्रमाण जमलं. कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तोच त्यांना धरून ठेवतो. पाणी कमी पडलं तर कण सुटतात, जास्त झालं तर एकमेकांवरून घसरतात. लिंग ढासळलं की ‘काही चुकलं का’ म्हणून बायका घाबरतात. चुकलेलं असतं ते एवढंच, एक चमचा पाणी.

पाटावर केळीचं पान घालून त्यावर शाळुंका, म्हणजे लिंगाखालची बैठक, करायची. एका छोट्या वाटीत वाळू गच्च दाबून भरायची, वाटी एका झटक्यात पालथी घालायची, वरून चमच्याने हलकं ठोकून सरळ वर उचलायची. वाटी वाकडी उचलली की कड तुटते. उत्तरेच्या बाजूला बोटाने पन्हळ ओढायची. लिंग वेगळं वळून वर ठेवण्याचा खटाटोप करू नये, ठेवताना हमखास मोडतं. शाळुंकेच्या मध्यावर चिमटी-चिमटीने वाळू चढवत, ओल्या बोटाने दाबत अंगठ्याएवढं करावं. उंच करण्याचा मोह टाळावा, आणि पंखा बंद ठेवावा. वाऱ्याने वरचा थर सुकतो आणि आरतीच्या आतच भुरभुरायला लागतो. पार्वती आणि सखीच्या मातीच्या लहान मूर्ती बाजारात मिळतात, त्या लिंगाशेजारी मांडतात.

वाळूच्या लिंगावर अभिषेकाची धार धरत नाहीत. फूल किंवा दूर्वांचं टोक पाण्यात बुडवून शिंपडायचं, तेवढंच. पंचामृताचं स्नान शेजारी ताम्हनात ठेवलेल्या सुपारीला घालावं. लिंगावर मध आणि साखर पडली तर रात्रीपर्यंत मुंग्यांची रांग लागते, आणि रात्रभर तिथेच बसायचं असतं.

आता पत्री. परंपरेने सांगितलेली सोळा पानं अशी: बेल, आघाडा, मालती, दूर्वा, चंपक, करवीर म्हणजे कण्हेर, बदरी म्हणजे बोर, रुई, तुळस, मुनिपत्र म्हणजे अगस्ती किंवा हादगा, डाळिंब, धोत्रा, जाई, मरवा, बकुळ आणि अशोक. एरवी तुळस शंकराला वाहत नाहीत, या यादीत मात्र ती आहे. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या एकवीस पत्रींतही ती असते आणि गणपतीलाही ती वर्षभरात त्याच दिवशी चालते. दोन्ही पूजांच्या पत्री एकत्र आणल्या तर आदल्या रात्री त्यांचे वेगळे वाटे करून ठेवावेत.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो अशोकाचा. सोसायट्यांच्या कुंपणालगत जे उंच, निमुळतं, खाली झुकलेल्या लांब पानांचं झाड असतं त्याला सगळे अशोक म्हणतात. तो आसुपालव. पूजेतला अशोक म्हणजे सीतेचा अशोक. त्याची फुलं केशरी-लाल, झुपक्याने येतात. पान संयुक्त, एका देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या. आणि कोवळी पालवी तांबूस, मलूल पडल्यासारखी लोंबकळणारी. ती पालवी एकदा पाहिली की आयुष्यात पुन्हा फसायला होत नाही.

चंपकाचंही तसंच. चंपक म्हणजे सोनचाफा. वाट्यात मात्र पुष्कळदा देवळाजवळच्या खुरचाफ्याचं पान येतं. तो अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेला, जुन्या पत्रीत तो असणार कुठून? ओळखायची खूण सोपी आहे: देठ मोडला आणि पांढरा चीक आला तर खुरचाफा. सोनचाफ्याला चीक नसतो. मालती म्हणून बहुतेक ठिकाणी मधुमालतीची पानं देतात. बोरीचं पान वरून गुळगुळीत हिरवं आणि खालून पांढरट लवदार. फांदीवर काट्यांची जोडी असते, एक काटा सरळ आणि एक आकड्यासारखा वळलेला. तो आकडा बोटात गेला की ओढून निघत नाही, जसा गेला तसाच मागे ढकलून काढावा लागतो. बोराची पानं कात्रीनेच कापावीत. आघाडा तुरा येण्याआधीचा आणावा. तुरा आला की त्याची उलटी बोंडं पदराला चिकटतात आणि रात्रभर टोचतात. बकुळीचं पान चकचकीत आणि कडेला लहरी. मरवा हाताने चुरडला की वास सांगतो, त्याला दुसरी परीक्षा लागत नाही.

तीन पानांपासून सावध राहायचं: कण्हेर, धोत्रा आणि रुई. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, धोत्रा तसाच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ही पानं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कोथिंबीर-अळूच्या शेजारी ठेवू नयेत, लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. काही घरांत मध्यरात्री रुईच्या पानावर मध किंवा दही घेऊन चाटायची रीत आहे. माझं स्पष्ट मत असं की रुई देवाला वाहावी आणि चाटण विड्याच्या पानावर घ्यावं.

बेलाचं पान अखंड, किडीने न खाल्लेलं हवं. देठाच्या टोकाची जाड गाठ खुडून पान पालथं वाहतात, म्हणजे गुळगुळीत बाजू लिंगाला लागते. बेल शिळा होत नाही असं शास्त्र सांगतं, म्हणून तो आधी आणून ठेवता येतो. बाकीची पानं आदल्या संध्याकाळची. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवली की पानं आतल्या आत तापतात आणि सकाळी काळी पडतात. धुवून, झटकून, ओलसर सुती कापडात सैल गुंडाळून ठेवली तर टवटवीत राहतात. त्याच रात्री बसून एकेक पान ओळखावं, दोऱ्याने जुड्या बांधाव्यात आणि पूजेच्या क्रमाने ताटात लावाव्यात. पोथीत ‘चंपकपत्रं समर्पयामि’ आलं की ताटात शोधाशोध करावी लागू नये. मिळालं नाही त्या पानाच्या जागी अक्षता वाहाव्यात. भलतंच पान त्या नावाने वाहण्यापेक्षा चार दाणे तांदूळ अधिक खरे.

पूजेचा क्रम पोथीत असतोच: सुपारीचा गणपती, कलश, संकल्प, आवाहन, अंगपूजा, मग पत्रपूजा, फळं आणि दूधसाखरेचा नैवेद्य, आरती, कहाणी. सुपात बांगड्या, काळी पोत, फणी, हळद-कुंकू घालून सौभाग्यवायन देतात. महाराष्ट्रात कुमारिकाही हे व्रत करतात, त्यामुळे पुष्कळजणी लग्नाआधीपासून करत आलेल्या असतात. अडचण आली तर उपवास आपण करावा आणि पूजा घरातल्या दुसऱ्या बाईकडून करून घ्यावी, ही वहिवाट आहे.

उपवासाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण शरीराचे हाल होतात ते इथे. कडक पाळणाऱ्या निर्जळ करतात, पाण्याचा थेंब नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. दुसरी रीत म्हणजे चुलीवर शिजलेलं काही न खाणं, त्यात फळं आणि दूध चालतं, साबुदाण्याची खिचडी बसत नाही. आणि साधा उपवास करून खिचडी-वरी खाणारी घरंही खूप आहेत. ज्या घरची जी रीत.

निर्जळ करणारीने तयारी आदल्या दिवशीच करायची असते. नेपाळात तीजेच्या, म्हणजे याच व्रताच्या, आदल्या रात्री ‘दर’ म्हणून पोटभर जेवण असतं, माहेरवाशिणींना बोलावून खाऊ घालतात. त्यात मोठं शहाणपण आहे. आपल्याकडे आदल्या संध्याकाळी बाजारहाटाच्या धांदलीत बाई चहा-बिस्किटावर भागवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं डोकं फुटायला लागतं. रात्री वरण-भात, भाकरी, ताक असं नीट जेवावं. लोणचं, पापड, फरसाण टाळावं, खारट खाल्लं की तहान वाढते. पाणी संध्याकाळपासून थोडं थोडं प्यावं. झोपताना तांब्याभर एकदम प्यायलेलं नुसतं बाहेर जातं. दिवसातून चार कप चहा घेणाऱ्या बायकांना दुपारी जी डोकेदुखी होते ती बरीचशी चहा तुटल्याची असते. तीन दिवस आधीपासून एकेक कप कमी करत आणावा.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेली, मुतखड्याचा त्रास असलेली, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारी, यांनी निर्जळ करू नये. यात व्रत बाटण्याचा प्रश्नच नाही. महाभारतातल्या विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य म्हणजे आहुतीचं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. यादीत पहिलं पाणी आहे आणि शेवटचं औषध. ज्या सासूबाई ‘गोळी उद्या घे’ म्हणतात त्यांना हे प्रेमाने, पण ठामपणे सांगावं. चक्कर आली, लघवी अगदी कमी आणि गडद झाली, हातापायाला गोळे आले, तर त्या क्षणी पाणी प्यायचं.

जागरणाचं रूप शहरात आता आटलं आहे. झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा यांसाठी बिऱ्हाडाबाहेर ओटी किंवा अंगण लागतं. जिथे गच्ची आहे तिथे अजून बाराएक वाजेपर्यंत रंगतं. निर्जळ उपवासात फुगडी घालू नये, गाणी म्हणावीत. घेरी येते ती फिरून थांबल्यावर.

आणि मग पहाट होते ती गणपतीची. हरतालिकेचं खरं कठीण पान हेच. चोवीस तास पाणी न प्यायलेली बाई पहाटे उठून उत्तरपूजा करते आणि थेट उकडीच्या मोदकांच्या वाफेसमोर उभी राहते. एकवीस मोदकांना दोन वाट्या तांदळाची पिठी, तेवढंच पाणी, दोन वाट्या ओलं खोबरं आणि वाटीभर गूळ लागतो. उकड काढायची, गरम असताना मळायची, पाऱ्या करायच्या, दोन-तीन घाणे उकडायचे. दीड-दोन तास तरी जातात. सारण आदल्या संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. नारळ घरातल्या पुरुषांनी खोवावेत, उकड उपवास नसलेल्या माणसाने मळावी. वर्षातल्या या एका सकाळी एवढं व्हायलाच हवं. ज्या सौभाग्यासाठी ती दिवसभर तहानलेली राहिली, त्याने दोन नारळ फोडून द्यावेत यात जास्त काही मागणं नाही.

उत्तरपूजेत दही-भाताचा नैवेद्य दाखवून अक्षता वाहून मूर्ती हलवतात. त्यानंतर पारणं. आधी दोन-चार घोट साधं पाणी, पाच-दहा मिनिटांनी कोकम किंवा लिंबाचं सरबत, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर. मग दही-भात, थोडाच. रिकाम्या पोटी चहा घेतला की पित्त उसळतं आणि आरतीच्या वेळी मळमळतं. तळणीचा मोदक आणि पुरणपोळी दुपारच्या पंगतीला.

वाळू तुळशीत किंवा झाडाच्या आळ्यात घालावी, नदीची असेल तर जमीन उलट भुसभुशीत होते. मूर्ती मातीच्या असतील तर बादलीत विरघळतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या विरघळत नाहीत, म्हणून घेतानाच विचारून घ्याव्यात. पत्रीचं निर्माल्य गाईला घालायची सवय मात्र या दिवशी कटाक्षाने मोडायची. त्यात कण्हेर आणि धोत्रा असतो, आणि कण्हेरीच्या पानांनी जनावर दगावतं. कचऱ्याच्या ढिगावर टाकलं तरी मोकाट गुरं तिथेच चरतात. घरच्या खतात घालावं किंवा पालिकेच्या निर्माल्य कलशात.

पत्री बाजारातून आणण्याची वेळ कमी करायची असेल तर थोडी लावता येते. मरवा आठ इंची कुंडीत होतो, फक्त पावसात पाणी साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात. जाई जुन्या फांदीच्या कलमाने पावसाळ्यात लागते आणि गॅलरीच्या गजावर चढते. दूर्वा कुठेही येतात. डाळिंब ड्रममध्ये. सोसायटीला मोकळी जागा असेल तर आसुपालवाची नवी रांग लावण्याऐवजी एक सीतेचा अशोक, एक बकुळ आणि एक कलमी सोनचाफा लावावा. कलमी घेतला तर फुलं दोन-तीन वर्षांत येतात, बियांच्या रोपाला कितीतरी जास्त थांबावं लागतं. अशोकाला कोवळेपणी सावली आणि भरपूर पाणी लागतं, पहिले दोन उन्हाळे सांभाळले की तो धरतो. हादगा झपाट्याने वाढतो, पण लाकूड ठिसूळ, वादळात मोडतो. तो गाड्या लावायच्या जागेपासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावावा.